शाळेच्या अहवालातल्या नांग्या



ह्या पानावर एरवी लागण, बेणे, खताचे हप्ते आणि खोडव्याची निगा ह्याच गोष्टी आम्ही लिहीत असतो. ह्या अंकासाठी मात्र संपादक मंडळाकडून वेगळाच निरोप आला. आपल्या कार्यक्षेत्रातल्या माध्यमिक शाळांचे वार्षिक अहवाल कारखान्याकडे येत असतात, त्यांवर सभासदांसाठी चार शब्द लिहा, असे सांगण्यात आले. मास्तर लोकांचे काम शेतकी विभागाच्या गळ्यात का, असे प्रथम वाटले. पण अहवाल वाचायला घेतले आणि लक्षात आले, की ह्यात आपले काम आहे.

अहवालात काय असते ते आपणास ठाऊक आहेच. दहावीचा निकाल, पहिल्या तीन क्रमांकांची नावे, चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा, विज्ञान प्रदर्शनातली मांडणी, तालुका पातळीवरची कबड्डी, वृक्षारोपण, स्वातंत्र्यदिनाची प्रभातफेरी, स्नेहसंमेलन. सगळे उपक्रम चांगलेच आहेत. चित्रकलेला काही पालक नाक मुरडतात, त्यांच्यासाठी एक सांगून ठेवतो. इंटरमिजिएट परीक्षेत ‘ए’ श्रेणी आली, तर दहावीच्या निकालात ७ वाढीव गुण मिळतात, ‘बी’ला ५ आणि ‘सी’ला ३. रंगपेटीचा खर्च त्यापुढे काहीच नाही.

आता ह्या उपक्रमांच्या तारखा पाहा. स्नेहसंमेलन डिसेंबर-जानेवारीत. विज्ञान प्रदर्शन आणि क्रीडास्पर्धा त्याच्या मागेपुढे. दहावीची पूर्वपरीक्षा जानेवारीत. बोर्डाची परीक्षा पूर्वी मार्चमध्ये असे, २०२५ साली ती २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली. म्हणजे शाळेचा सगळा भर नेमका आपल्या गळीत हंगामात येतो. गव्हाणीत मोळी पडली की इकडे टोळ्या शिवारात उतरतात, पूर्वहंगामीचा फड तुटत असतो, सुरूच्या लागणीची रानं तयार करायची असतात, आणि त्यातच पोराच्या शाळेतून पालक-सभेची चिठ्ठी येते. एक चिठ्ठी तोडीची, एक शाळेची. कोणती आधी पाहिली जाते, हे सांगायला नको. पालक-सभेला म्हणून आई जाते, नाहीतर कोणीच जात नाही.

पालक गेला नाही एवढ्यावर भागले असते तरी चालले असते. पण टोळी फडात शिरली की घरातला नववी-दहावीचा पोरगा वाढे उचलायला, काट्यावर गाडीमागे जायला, रात्रीच्या लाइटीवर पाणी धरायला कामी लागतो. ‘पोर्‍या शाळामा जास ना भो?’ असे बांधावर विचारले, तर उत्तर येते, ‘जातो की साहेब, दोन दिवस तोड आहे म्हणून ठेवला.’ दोन दिवसांचे आठ होतात. टोळ्या आल्या की वर्ग कसे विरळ होतात, हे शाळेच्या हजेरीपटावर दिसते. अहवालात ते दिसत नाही.

उसाच्या भाषेत सांगतो. लागण झाली की महिना-दीड महिन्यात आपण सरीतून चालत जातो आणि कुठे डोळा उगवला नाही ते पाहतो. जिथे उगवण नाही, तिथे रोप लावून नांग्या भरतो. हे काम वेळेत झाले नाही, तर पुढे कितीही खत घाला, एकरी वजन भरत नाही. काट्यावर टन कमी आले म्हणून तेव्हा कपाळाला हात लावून उपयोग नसतो. शाळेचा दहावीचा निकाल म्हणजे काटा आहे. त्याआधी पाच वर्षे सरीत किती नांग्या पडल्या, ते काट्यावर कळत नाही.

म्हणून माझे सभासदांना सांगणे असे, की अहवाल हातात आला की पहिले पान ‘शंभर टक्के निकाल’ वाचून मिटू नका. शाळेत एक साधा प्रश्न विचारा. आज जे दहावीत आहेत, ते पाचवीत होते तेव्हा वर्गात किती होते? त्यांतले दहावीपर्यंत किती आले? बदलून दुसऱ्या गावी गेलेले वजा करा. बाकी राहतील त्या नांग्या. ह्यात शाळेला कोंडीत धरण्याचा हेतू नाही. बऱ्याच नांग्या शाळेच्या नव्हेत, आपल्या घरच्या आहेत. पण एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. निकालाचा आकडा मोठा दिसावा म्हणून कच्च्या पोराला नववीतून काढून ‘१७ नंबरचा फॉर्म भर, बाहेरून बस’ असे सांगण्याची रीत काही ठिकाणी पडली आहे. १७ नंबरचा फॉर्म ज्यांची शाळा खरोखर सुटली, अशांसाठी आहे. वर्गात बसू इच्छिणाऱ्याला बाहेर काढण्यासाठी तो नाही. कच्चा ऊस उपटून टाकला आणि उरलेल्याचा उतारा मोठा दाखवला, तर आपले केमिस्ट तरी मान्य करतील का?

कायद्याचेही पाहा. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो वयाच्या १४ वर्षांपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत मुलाला धरून ठेवतो. नववीत पोरगा शाळा सोडून बसला, तर त्याला परत आणण्याची जबाबदारी ह्या कायद्याने कोणावर टाकलेली नाही. नेमके त्याच वयात त्याच्या अंगात काम करण्याची ताकद येते आणि बापाच्या नजरेत तो अर्धा गडी होतो. मुलीचे आणखी वेगळे. तिला वाढे उचलायला कोणी नेत नाही, पण घरातली बाया-माणसे शेतात गेली की धाकटी भावंडे आणि चूल तिच्यावर येते. ‘एस.टी.चा पास परवडत नाही’ हे कारण मात्र तिच्या बाबतीत कोणी सांगू नये. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण भागातल्या मुलींना पाचवी ते बारावीपर्यंत शाळेसाठी एस.टी.चा प्रवास मोफत आहे.

शाळेने निकालापलीकडे काय करावे, ह्याचा विचार करताना फार लांब जावे लागत नाही. तापी ओलांडली की बोरीकाठचे अमळनेर आहे. तिथल्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० ही सहा वर्षे पांडुरंग सदाशिव साने नावाचे एक शिक्षक होते. साने गुरुजी म्हटले की आपल्याला ‘श्यामची आई’ आठवते, नाहीतर सत्याग्रह आणि तुरुंग आठवतो. शाळामास्तर म्हणून त्यांनी केलेले काम त्यामानाने मागे पडले आहे.

गुरुजी मूळचे कोकणातले, दापोलीजवळच्या पालगडचे. जन्म २४ डिसेंबर १८९९ चा. घरची स्थिती खालावलेली. दापोलीला, मग औंध संस्थानात, मग पुण्यात असे त्यांचे शिक्षण झाले, आणि त्यातली बरीच वर्षे अर्धपोटी गेली. १९१८ ला मॅट्रिक, १९२२ ला बी.ए. पुढे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले. ही संस्था श्रीमंत प्रतापशेठ ह्यांनी १९१६ साली काढलेली. शाळेलाही त्यांचेच नाव. जून १९२४ मध्ये गुरुजी ह्या शाळेत शिक्षक झाले आणि पुढे शाळेच्या छात्रालयाची व्यवस्था त्यांच्याकडे आली.

छात्रालय म्हणजे खेड्यापाड्यातून शिकायला आलेल्या पोरांचे वसतिगृह. त्या काळी माध्यमिक शाळा मोठ्या गावीच असे. खेड्यातल्या मुलाला शिकायचे, तर घर सोडून राहावे लागे, आणि राहण्याची सोय नसली की शिक्षण तिथेच संपे. म्हणजे छात्रालय हीच मुळात नांग्या भरण्याची जागा होती. जो स्वतः परगावी उपाशी राहून शिकला, त्याला ते जास्त कळले असणार. गुरुजी मुलांना शिक्षा करीत नसत. मुले शाळेत गेली की त्यांच्या खोल्या झाडून ठेवायच्या, पसरलेली अंथरुणे नीट करायची, कंदिलाच्या काचा पुसायच्या, आजारी पोराच्या उशाशी रात्र काढायची, अशा कितीतरी आठवणी त्यांच्या विद्यार्थ्यांनी सांगितल्या आहेत. खोली रोज आपोआप झाडलेली दिसली की दोन दिवसांनी पोरे शरमेने स्वतःच झाडू हातात घेत. वरवर साधी वाटते, पण शिस्तीची ही रीत अवघड आहे. दहा मिनिटे ओरडणे त्यापेक्षा सोपे.

ह्या सगळ्यात मला सर्वांत मोलाचे वाटते, ते त्यांचे दैनिक. गुरुजी छात्रालयातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. दिवसभर शाळा शिकवायची, संध्याकाळी मुलांचे पाहायचे आणि रात्री बसून दुसऱ्या दिवसाचे दैनिक हाताने लिहायचे. त्यात देशातल्या बातम्या, जगातल्या घडामोडी, थोरांची चरित्रे, वाचलेल्या पुस्तकांचा परिचय, आणि छात्रालयात काल काय घडले तेही. ज्या पोराच्या घरी छापील कागद म्हणजे फक्त सावकाराची पावती, त्याला रोज सकाळी जगाची खबर मिळू लागली. १९२८ मध्ये गुरुजींनी ‘विद्यार्थी’ नावाचे मासिकही सुरू केले.

ह्या उपक्रमाला ना अनुदान होते, ना बक्षीस. लागत होता तो कागद, दौत आणि एका माणसाची झोप. १९३० साली सत्याग्रहाची हाक आली, तेव्हा गुरुजी शाळा सोडून चळवळीत गेले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचन दिले, अशी १८ प्रवचने झाली. ती बोलण्याच्या वेगाने उतरून घेणारा हात साने गुरुजींचा. आज आपण ‘गीता प्रवचने’ वाचतो ती त्यामुळे. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ पाच दिवसांत लिहून झाली. छात्रालयाचे दैनिक रोज लिहून ती लेखणी तयार झाली होती, असे आपले मला वाटते. विद्वानांचे मत वेगळे असू शकेल.

अमळनेरची गोष्ट इतकी लांबवली, कारण आपल्याकडे हे आजही करता येण्यासारखे आहे. गटात फिरताना एका शाळेत मुलांनी चालवलेले भित्तिपत्रक मी पाहिले. खाकी कागदावर हाताने लिहिलेले, दर सोमवारी नवे. नववीतल्या एका मुलीने त्यात आपल्या शेतातल्या खोडव्याविषयी लिहिले होते. पाचट न जाळता सरीत ठेवले तर पाण्याची पाळी कशी लांबते, हे तिने वडिलांना विचारून, स्वतः पाहून लिहिले होते. आम्ही शेतकरी मेळाव्यात तेच सांगतो, पण इतके सोपे सांगत नाही. त्याच कागदाच्या खालच्या कोपऱ्यात एका मुलाने दोन ओळींत लिहिले होते, की त्याचा बाकावरचा सोबती दिवाळीनंतर आला नाही, आणि तो कुठे आहे ते सर्वांना माहीत आहे. त्याने नाव लिहिले नव्हते. मुख्याध्यापकांनी तो कागद वाचला आणि त्याच दिवशी त्या मुलाच्या घरी गेले. पोरगा परत वर्गात बसला. त्या शाळेच्या वार्षिक अहवालात ह्या गोष्टीचा उल्लेख नाही, म्हणून इथे केला.

आता ज्यांच्या कोयत्यावर आपला हंगाम उभा आहे, त्यांच्या पोरांविषयी. टोळ्यांबरोबर येणाऱ्या मुलांसाठी कारखान्यांच्या आवारात पूर्वी साखरशाळा चालत. शिक्षण हक्क कायदा आल्यावर, ह्या मुलांना जवळच्या नेहमीच्या शाळेत बसवावे, असे धोरण झाले. गाव सोडताना मिळणारे शिक्षण हमी कार्ड दाखवले, की इथल्या शाळेने मुलाला वर्गात घ्यायचे असते. मागे गावात राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहे आहेत. २०२१ साली राज्य शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर केली. ४१ तालुक्यांत मुलांचे एक आणि मुलींचे एक अशी ८२ वसतिगृहे, प्रत्येकी १०० जागांची, असा तो आराखडा आहे. गाळपाच्या दर टनामागे १० रुपये कारखान्यांकडून आणि तेवढेच शासनाकडून ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी घ्यायचे ठरले, ते आपल्याला माहीत आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरची पावरा कुटुंबेही कामाच्या शोधात गाव सोडतात, त्यांच्या मुलांचा प्रश्न ह्याच जातीचा. ज्या सभासदाच्या शेतात टोळीचा मुक्काम पडतो, त्याने मुकादमाला एवढे विचारावे, की खोपीवर शाळेच्या वयाची किती पोरं आहेत आणि कोणाकडे कार्ड आहे. गावच्या शाळेत त्यांना पोचते करायला मोटारसायकलची एक खेप लागते.

साखर कारखाना आणि शाळा हा संबंध काही नवा नाही. प्रवरानगरला पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभा केला, त्याचा पहिला हंगाम १९५०-५१ चा. १९६४ मध्ये तिथे प्रवरा पब्लिक स्कूल सुरू झाले. वारणानगरला तात्यासाहेब कोरे ह्यांनी खेड्यातल्या मुलांचा वाद्यवृंद उभा केला, त्याची कीर्ती दूरवर गेली. मोठ्या इमारती सगळ्यांना जमतील असे नाही. असो.

एक सवलत मात्र सगळ्यांना घेता येण्यासारखी आहे, आणि आपले सभासद ती सोडून देतात. एन.एम.एम.एस. नावाची परीक्षा आठवीत होते. आठवीनंतरची गळती थांबावी एवढ्याचसाठी केंद्र शासनाने २००८ मध्ये ही शिष्यवृत्ती काढली. दरमहा १००० रुपये, वर्षाचे १२,०००, नववी ते बारावी अशी चार वर्षे. म्हणजे एकूण ४८,००० रुपये, थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात. महाराष्ट्राचा कोटा ११,६८२ विद्यार्थ्यांचा आहे. अटी अशा: मुलगा किंवा मुलगी शासकीय, जिल्हा परिषदेच्या वा अनुदानित शाळेत शिकत असावी. सातवीत ५५ टक्के गुण असावेत, अनुसूचित जाती-जमातीसाठी ५० टक्के चालतात. आईवडिलांचे मिळून वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे. दोन पेपर असतात, एक बौद्धिक क्षमतेचा, एक शालेय विषयांचा, प्रत्येकी ९० प्रश्न. परीक्षा साधारणपणे डिसेंबरात असते, म्हणजे पुन्हा आपल्या तोडीतच. पास झाल्यावरही दर वर्षी ऑनलाइन नूतनीकरण करावे लागते आणि दहावीत ६० टक्के टिकवावे लागतात. पहिले वर्ष पैसे आले आणि दुसऱ्या वर्षी बंद झाले, अशी तक्रार ऐकू येते. बहुतेक वेळा त्याचे कारण नूतनीकरण राहिले हेच निघते. खाते आधारला जोडलेले आहे का, तेही पाहून घ्यावे.

बागायतदाराला ही सवलत कशाला, असे काही जण म्हणतील. दोन-अडीच एकर ऊस आणि तोही पाण्याच्या भरवशावर असलेला सभासद साडेतीन लाखांच्या आतच असतो. दाखला तहसील कार्यालयातून मिळतो. त्यासाठी सातबारा आणि तलाठ्याचा अहवाल ऐनवेळी गोळा करत बसू नये, सप्टेंबरातच करून ठेवावा.

राहता राहिली तोडीची गोष्ट. तोडीचा क्रम लागणीच्या तारखेवर ठरतो, तो कोणाच्या परीक्षेसाठी पुढेमागे होणार नाही, तेव्हा तशी विनंती घेऊन कोणी येऊ नये. पण टोळी आपल्या फडात केव्हा शिरणार, ह्याचा अंदाज दोन-तीन दिवस आधी मिळू शकतो. ज्यांच्या घरी दहावीचा विद्यार्थी आहे, त्यांनी पूर्वपरीक्षेचे आणि बोर्डाचे वेळापत्रक हाती येताच त्याची एक नक्कल गटाच्या स्लिप बॉयकडे द्यावी. आपली तोड त्या दिवसांत पडत असली, तर तो आधी निरोप देईल, म्हणजे काट्यावर जायला आणि वाढे उचलायला भावकीतला दुसरा गडी बघून ठेवता येईल. स्लिप बॉय भेटला नाही, तर नक्कल गट कार्यालयात खिडकीशी ठेवलेल्या वहीत लावून जावी. वहीवर ‘दहावी’ असे लिहिलेले आहे.